ज्यानं मोठं केलं, त्यानं पुढे काय करायचं?

मागच्या एपिसोडनंतर जव्हारहून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. तो म्हणतो, "एखाद्या नटानं, गायकानं किंवा समाजसेवकानं कोणाला तरी आपल्या शेजारी स्टेजवर उभं केलं. तो माणूस फेमस झाला. पुढे तो लोकांना भलतंच काहीतरी विकायला लागला, तर त्या पहिल्या माणसाला का धरायचं? त्यानं थोडंच सांगितलं होतं असं कर म्हणून?"

प्रश्न एकदम रास्त आहे, म्हणून आजचा अख्खा एपिसोड त्यावरच. आणि मोखाड्याच्या पाड्यांवर ज्यांना रेंजसाठी टेकडीवर चढावं लागतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिहून काढलेला भाग. बोलताना झालेलं "म्हणजे, म्हणजे" काढून टाकलंय, बाकी सगळं तसंच ठेवलंय.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते, मग ते कसं ते बघू. ज्याला मोठं केलं त्याच्या प्रत्येक कृत्याची जबाबदारी सेलिब्रिटीवर नाही. पण त्यानं त्या माणसाबद्दल जी खात्री लोकांना दिली, तिची जबाबदारी त्याचीच. आणि ती टाळ्या थांबल्यावर संपत नाही.

फोन कोणावर विश्वास ठेवतो?

मी पडले सॉफ्टवेअरवाली, त्यामुळे उदाहरण तिथलंच देते. तुम्ही फोनवर बँकेची साइट उघडता. ती खरंच बँकेची आहे की कोणीतरी हुबेहूब तशीच बनवलीय, हे फोनला कसं कळतं? फोन काही बँकेत जाऊन आलेला नसतो. साइट त्याला एक प्रमाणपत्र दाखवते आणि त्यावर एका तिसऱ्याच संस्थेची डिजिटल सही असते. अशा भरवशाच्या संस्थांची यादी फोनमध्ये आधीपासून भरलेली असते. यादीतल्या संस्थेची सही दिसली की फोन म्हणतो, ठीक आहे, जा आत. ब्राउझरमध्ये वरती कुलपाचं चित्र दिसायचं, काहींत अजूनही दिसतं, ते याचंच.

म्हणजे तुमचा भरवसा फोनवर, फोनचा त्या संस्थेवर आणि संस्थेचा साइटवर. गावात नवा माणूस आला आणि "हा आपल्या अमक्याच्या ओळखीचा आहे" म्हटलं की दार उघडतं ना? अगदी तेच.

आता २०११ सालची गोष्ट. नेदरलँड्समध्ये डिजिनोटार नावाची अशीच सही करणारी कंपनी होती. तिच्या सिस्टिममध्ये हॅकर घुसला आणि त्यानं गूगलसकट अनेक नावांनी पाचशेहून जास्त खोटी प्रमाणपत्रं काढली. ती वापरून इराणमधल्या लोकांच्या जीमेलवर पाळत ठेवली गेली. कंपनीला घुसखोरी जुलैमध्येच कळली होती, पण तिनं जगाला सांगितलं नाही. ऑगस्टच्या शेवटी प्रकरण बाहेरून उघड झालं. ब्राउझर बनवणाऱ्यांनी तिला यादीतून काढून टाकलं आणि सप्टेंबरमध्ये कंपनीचं दिवाळं निघालं.

यातली एक गोष्ट लक्षात घ्या. खोटी प्रमाणपत्रं कंपनीनं स्वतः काढली नव्हती. तरी जाब तिलाच विचारला गेला, कारण लोकांनी दार उघडलं होतं ते तिच्या नावावर. आणि ती संपली ती फक्त चोरी झाली म्हणून नाही. चोरी कळूनही गप्प बसली, हे लोकांना जास्त लागलं.

या धंद्यात चार नियम आहेत. एक, सही करण्याआधी तपासायचं. दोन, सही कशापुरती आहे ते ठरलेलं असतं. प्रमाणपत्र एवढंच सांगतं की ही साइट त्याच नावाची आहे. मालक सज्जन आहे असं ते सांगत नाही, त्यामुळे फसव्या साइटवरही कुलूप दिसू शकतं. तीन, सहीला मुदत असते. चार, काही बिघडलं तर सही रद्द करायची आणि सगळ्यांना कळेल अशी करायची.

आता हेच चार नियम माणसांना लावून बघू.

अण्णा आणि केजरीवाल

आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण राळेगणसिद्धीचं. ज्या ऑगस्टमध्ये डिजिनोटारचं बिंग फुटलं, त्याच ऑगस्टमध्ये अण्णा हजारे दिल्लीच्या रामलीला मैदानावर लोकपालसाठी उपोषणाला बसले होते. १६ ऑगस्टला सुरू झालेलं उपोषण २८ ऑगस्टला सुटलं. त्याआधी एप्रिलमध्ये जंतरमंतर झालं होतं. त्या वेळी तुम्ही शाळेत असाल, पण "मी अण्णा" लिहिलेल्या टोप्या आठवत असतील.

मंचावर अण्णांच्या बाजूला अरविंद केजरीवाल असायचे. अण्णांनीच त्यांना शून्यातून घडवलं असं म्हणणं चूक ठरेल. माहिती अधिकाराच्या कामासाठी केजरीवालांना २००६ मध्येच मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता. पण तो पेपर वाचणाऱ्यांना ठाऊक होता. घराघरात चेहरा पोचला तो २०११ मध्ये, आणि तो अण्णांच्या शेजारचा चेहरा म्हणून पोचला. अण्णांनी केजरीवालांच्या 'स्वराज' या पुस्तकाला प्रस्तावनाही लिहिली होती. प्रस्तावना म्हणजे छापील सहीच की.

पुढे पक्ष काढायचा की नाही यावर दोघांचं बिनसलं. सप्टेंबर २०१२ मध्ये अण्णा वेगळे झाले आणि माझं नाव, माझा फोटो वापरू नका असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आम आदमी पक्षाची स्थापना झाली नोव्हेंबर २०१२ मध्ये. म्हणजे सही मागे घेतली ती पक्ष जन्मायच्या आधी. चौथा नियम पाळला म्हणायचा.

दहा वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, दिल्लीच्या दारू धोरणावरून अण्णांनी केजरीवालांना जाहीर पत्र लिहिलं. त्यात त्यांनी 'स्वराज' पुस्तकाची आठवण करून दिली: तुम्ही त्यात दारूबद्दल काय लिहिलं होतं आणि आता काय करताय? मार्च २०२४ मध्ये केजरीवालांना अटक झाली, तेव्हाही अण्णा बोलले. माझ्याबरोबर दारूविरुद्ध बोलणारा माणूस दारूचं धोरण करतो याचं वाईट वाटतं, असा त्यांचा सूर होता. त्या प्रकरणात खरं-खोटं काय, हा कोर्टाचा विषय. आपला विषय अण्णांचा आहे.

अण्णांनी सही मागे घेतली, हे बरोबर. पण सही दिली तेव्हा रोज चोवीस तास टीव्ही चालू होता आणि मागे घेतली तेव्हा ती दोन दिवसांची बातमी झाली. ज्यांनी पहिली बातमी ऐकली त्या सगळ्यांपर्यंत दुसरी पोचलीच नाही. हा पूर्णपणे अण्णांचा दोष नाही, मीडिया असाच चालतो. पण मोठ्या माणसानं हे धरून चालायलाच हवं, की कौतुक लांब जातं आणि खुलासा जवळच पडतो. त्यामुळे खुलासा कौतुकापेक्षा जास्त वेळा करावा लागतो.

आणि तपासणीचं काय? फेब्रुवारी २०१४ मध्ये अण्णांनी ममता बॅनर्जींना पाठिंबा जाहीर केला. मार्चमध्ये रामलीला मैदानावर सभा ठरली, गर्दी जमली नाही आणि अण्णा गेलेच नाहीत. मग पाठिंबाही मागे घेतला. महिन्याभरात दिलेली आणि काढलेली सही बघून लोकांना पुढच्या सहीबद्दलही शंका येणार. नुकसान त्याच नावाचं होतं.

ओप्रा आणि दोन माणसं

आता अमेरिकेत जाऊ, कारण तिथे एकाच बाईची दोन उदाहरणं आहेत आणि दोन्ही वेगळी. ओप्रा विन्फ्री. त्यांच्या टीव्ही शोवर कोणी आलं की रातोरात स्टार.

सप्टेंबर २००५ मध्ये त्यांनी जेम्स फ्रे या लेखकाचं पुस्तक आपल्या बुक क्लबसाठी निवडलं. व्यसनातून बाहेर पडल्याची खरी कहाणी म्हणून ते छापलं होतं. लाखो प्रती खपल्या. जानेवारी २००६ मध्ये उघड झालं की त्यातले बरेच प्रसंग बनवलेले आहेत. ओप्रांनी आधी टीव्हीवर फोन करून लेखकाची बाजू घेतली. पण २६ जानेवारीला त्यांनी त्याला आपल्याच शोवर बोलावलं, कॅमेऱ्यासमोर जाब विचारला आणि त्याची बाजू घेतल्याबद्दल प्रेक्षकांची माफी मागितली. ज्या मंचावर सही केली त्याच मंचावर, तेवढ्याच मोठ्या आवाजात रद्द केली. याला म्हणतात चौथा नियम.

दुसरं उदाहरण डॉक्टर मेहमेत ऑझ यांचं. हा माणूस खरा हृदयाचा सर्जन, कोलंबिया विद्यापीठातला. २००४ पासून ओप्रांच्या शोवर येऊन तो लोकप्रिय झाला आणि २००९ मध्ये ओप्रांच्याच कंपनीच्या मदतीनं त्याचा स्वतःचा शो सुरू झाला. पुढे तो वजन कमी करणाऱ्या गोळ्यांबद्दल, कच्च्या कॉफीच्या अर्काबद्दल बोलायला लागला. जून २०१४ मध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीनं त्याला बोलावून त्यावर खडसावलं. त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला. त्याच्या शोवरच्या सल्ल्यांपैकी ४६ टक्क्यांनाच पुरावा सापडला, १५ टक्के सल्ले पुराव्याच्या विरुद्ध होते आणि उरलेल्यांना पुरावाच मिळाला नाही.

इथे दुसरा नियम मोडला. हृदयाबद्दलची सही कॉफीवर चालली. "मोठा डॉक्टर आहे" हे खरंच होतं, म्हणूनच लोकांना संशय आला नाही. २०२२ मध्ये ऑझ सिनेटच्या निवडणुकीला उभा राहिला, तेव्हा ओप्रांनी त्याच्या विरोधातल्या उमेदवाराला पाठिंबा दिला. तो हरला. पण तो पाठिंबा निवडणुकीपुरता होता, कॉफीच्या गोळ्यांबद्दल नव्हता. आणि २०२५ पासून हाच ऑझ अमेरिकेच्या सरकारी आरोग्य विमा योजना चालवणाऱ्या संस्थेचा प्रमुख आहे. एकदा दिलेली प्रसिद्धी किती लांब जाते, बघा.

मुखवटा उतरतो, फॉलोअर्स उतरत नाहीत

तिसरा नियम मुदतीचा. आमच्या क्षेत्रात वेबसाइटच्या प्रमाणपत्राची मुदत दर काही वर्षांनी कमी केली जाते. २०२० पासून ती साधारण १३ महिन्यांवर आली, मार्च २०२६ पासून २०० दिवस आणि २०२९ मध्ये फक्त ४७ दिवस होणार आहे. कारण साधं आहे: जुनी तपासणी आज खरी असेलच असं नाही, पुन्हा तपासा.

ही अक्कल आपल्याकडे आधीपासून आहे. जव्हार-मोखाड्याचा बोहाडा बघितलाय ना? रात्री संबळ वाजतो, एकेक सोंग निघतं. देवाचा मुखवटा चढवला की त्या माणसापुढे म्हातारीकोतारीही हात जोडतात. सकाळी मुखवटा उतरला की तोच माणूस आपल्या कामाला लागतो आणि त्याच्याशी कोणी देव समजून व्यवहार करत नाही. मान सोंगाचा आणि सोंगापुरता.

सोशल मीडियावर नेमकं हेच होत नाही. सेलिब्रिटीनं पाच वर्षांपूर्वी एका मुलाच्या रीलचं कौतुक केलं, तो फोटो आजही त्याच्या प्रोफाइलवर सगळ्यात वर पिन केलेला असतो. तेव्हा तो गाणी म्हणत होता, आज तो ट्रेडिंग शिकवतो. फोटो तोच.

कायदा कुठपर्यंत येतो?

तुम्ही म्हणाल, यासाठी कायदा नाही का? आहे, पण अर्धाच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे फसव्या जाहिरातीत काम करणाऱ्या सेलिब्रिटीला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय एक वर्ष, पुढे तीन वर्षांपर्यंत जाहिराती करण्यावर बंदी येऊ शकते. जाहिरातीतला दावा आधी नीट तपासला होता हे दाखवता आलं तर सुटका मिळते. म्हणजे कायदासुद्धा पहिला नियमच विचारतो: सही करण्याआधी बघितलं होतंस का?

पण हे सगळं वस्तू आणि सेवांच्या जाहिरातीला. "हा माझा धाकटा भाऊ, याला फॉलो करा" असं कोणी मैत्रीत म्हटलं, तर ती जाहिरात ठरवणं अवघड. माणसाची शिफारस कायद्यातून निसटते. तिथे उरते ती फक्त लाज आणि आपण विचारलेला प्रश्न.

दुसरी बाजू: ज्याला मोठं केलं त्याचं काय?

इथपर्यंत आपण प्रेक्षकांच्या बाजूनं बोललो. पण एक देणं त्या नव्या माणसाचंही असतं. २००९ मध्ये 'स्लमडॉग मिलेनियर'ला आठ ऑस्कर मिळाली, आणि त्यातले दोन लहान कलाकार तेव्हा वांद्र्याच्या गरीबनगरच्या झोपडपट्टीत राहत होते. टीका झाली. दिग्दर्शक डॅनी बॉइल आणि निर्मात्यानं मुलांच्या शिक्षणासाठी आणि घरासाठी 'जय हो' नावाचा ट्रस्ट केला. उशीर झाला की नाही यावर वाद घाला, पण "सिनेमा संपला, आमचं काम संपलं" असं ते म्हणाले नाहीत.

आपल्याकडे नागराज मंजुळेंनी 'सैराट'मध्ये रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर या नवख्या मुलांना घेतलं आणि पुढे २०२२ च्या 'झुंड'मध्येही दोघांना काम दिलं. टिकटॉकवरून आलेला सूरज चव्हाण ऑक्टोबर २०२४ मध्ये बिग बॉस मराठी जिंकला, तेव्हा केदार शिंदेंनी त्याला घेऊन सिनेमा करायचं जाहीर केलं आणि एप्रिल २०२५ मध्ये 'झापुक झुपूक' खरंच आला. फार चालला नाही, पण दिलेला शब्द पाळला.

आणि आपल्या जिल्ह्यातलं तर फार जुनं उदाहरण आहे. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर फिरले. त्यांनी डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांचं काम बघितलं आणि जगापुढे आणलं. म्हशेंना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. इथे पहिला नियम कसा पाळला गेला बघा: कुलकर्णींनी चित्र बघून चित्राचीच शिफारस केली. ती शिफारस चुकली नाही. फक्त एक गोष्ट झाली. लग्नाचा चौक लिहिणं हे मुळात बायकांचं काम, पण उजेड पडला तो जास्त करून पुरुष कलाकारांवर. चांगल्या मनानं केलेल्या शिफारशीचीही सावली पडते, आणि ती कोणावर पडली हेही शिफारस करणाऱ्यानं बघायचं असतं.

२०२६ ची पद्मश्री जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांना जाहीर झाली, तारपावादनासाठी. वय नव्वदच्या पुढे. आता त्यांच्या शेजारी फोटोला उभं राहायला बरेच जण येतील. मान धिंडा आजोबांच्या तारप्याचा आहे. शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाच्या स्कीमचा नाही, हे आपण लक्षात ठेवायचं.

आपल्याकडे हे जास्त का लागतं?

मुंबईतल्या माणसाला एखाद्या "आरोग्य गुरू"चा सल्ला चुकीचा वाटला, तर तो संध्याकाळी दुसऱ्या डॉक्टरला विचारू शकतो. आपल्याकडे जव्हारच्या कुटीर रुग्णालयात जमलं नाही तर नाशिकची वाट धरावी लागते. गाडीभाडं, बुडालेली मजुरी, सोबतचा माणूस, सगळा हिशोब होतो. अशा वेळी फोनमधला, ओळखीच्या नटाच्या शेजारी बसलेला गोड बोलणारा माणूस म्हणतो की गोळ्या बंद करा, हा काढा घ्या. लोक ऐकतात. ते अडाणी आहेत म्हणून नाही, तर तपासून बघणं त्यांना महाग पडतं म्हणून.

पैशाचंही तेच. दिवाळीनंतर घरदार सोडून भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर राबून आणलेले पैसे "डबल" करून देणाऱ्याच्या हातात गेले, तर पुढचा अख्खा पावसाळा उधारीवर जातो. शहरातल्या सेलिब्रिटीला तो एक शाउटआउट होता. इथे ते वर्षभराचं धान्य असतं. जिथे तपासणी महाग असते तिथे शिफारशीवर जास्त विसंबून राहावं लागतं, म्हणून शिफारस करणाऱ्याची जबाबदारीही तिथे जास्त.

मग करायचं काय?

कोणाला मोठ्या माणसाच्या शेजारी बघितलं की चार प्रश्न विचारा. या मोठ्या माणसानं याला खरंच तपासलंय, की कार्यक्रमात फक्त फोटो काढलाय? कौतुक नेमकं कशाचं केलं होतं, गाण्याचं की गोळ्यांचं? ते कधी केलं होतं? आणि आता तो मोठा माणूस याच्याबद्दल काय म्हणतो?

शेवटच्याचं उत्तर मिळत नसेल तर सरळ विचारा. त्या सेलिब्रिटीच्या पोस्टखाली शांतपणे, शिवी न देता लिहा: तुम्ही ज्यांची ओळख करून दिली होती, ते आता हे विकतायत, तुम्हाला मान्य आहे का? एकानं विचारलं तर उत्तर येणार नाही. दोनशे जणांनी विचारलं तर त्यांच्या मॅनेजरला तरी वाचावं लागेल. आणि ते "नाही" म्हणाले, तर त्यांना झोडू नका. सही मागे घेणाऱ्याची आपण टिंगल केली, तर पुढच्या वेळी सगळे डिजिनोटारसारखे गप्प बसतील.

आणखी एक. हे फक्त नट-नट्यांना लागू नाही. तुमच्या आयटीआयच्या ग्रुपवर, पोलीस भरतीच्या ग्रुपवर, पाड्याच्या ग्रुपवर तुम्ही एखादी लिंक टाकता आणि वर लिहिता, "भारी माणूस आहे, ऐका." तुमच्या आजीसाठी, शेजारच्या काकांसाठी तुमचं नाव त्या फोनमधल्या यादीत आहे. पुढे तो माणूस फसवा निघाला, तर त्याच ग्रुपवर, तेवढ्याच ठळकपणे लिहा की मी पाठवलेलं ऐकू नका. नुसतं डिलीट करून भागत नाही. ज्यांनी वाचलं, त्यांनी वाचलंय.

तर व्हॉइस नोटवाल्या दादा, मिळालं का उत्तर? पटलं नसेल तर भांडायला पुन्हा नोट पाठवा. आणि तुमच्या भागात कोणी असं शिफारशीवर मोठं झालं असेल, चांगल्या अर्थानं किंवा वाईट, तर तेही कळवा. नाव नको, गोष्ट सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. रेंज असेल तर ऐका, नसेल तर वाचा!